आवतण ओळखीच्या नावाने येते

धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लग्न जमले की पहिली पत्रिका तुळजापूरला भवानीआईच्या पायाशी, मग भावकीत, मग पाव्हण्यारावळ्यांत, हा क्रम अजून मोडलेला नाही. फक्त भावकी सोडली तर पत्रिका घेऊन आता माणूस येत नाही, ती व्हॉट्सॲपवर येते. घरातली बाई भाकरी थापता थापता पिठाच्या हाताची करंगळी पुढे करते आणि ती उघडते. कुणाचे तरी आवतण आहे, न उघडून कसे चालेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याला अशी पत्रिका आली. ३० ऑगस्टच्या लग्नाला जरूर या, असा मजकूर आणि खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिकेच्या वेशात ते एक ॲप होते.

अशी फाइल एकदा नीट निरखून पाहावी. नावाखाली बारीक अक्षरांत तिचा प्रकार लिहिलेला असतो. पीडीएफ असेल तर तो कागद, जेपीजी असेल तर फोटो, एमपी४ असेल तर व्हिडिओ. एपीके ही तीन अक्षरे दिसली तर तो अँड्रॉइड फोनवर चढवायचा प्रोग्राम आहे. त्याला बोट लावले की फोन विचारतो, या ठिकाणाहून आलेले ॲप बसवू द्यायचे का? पाठोपाठ एसएमएस वाचायची परवानगी मागितली जाते, मग संपर्क यादीची. लग्नाच्या पत्रिकेला आपले एसएमएस वाचायचे काही कारण नाही. बँकेचा ओटीपी मात्र सहसा एसएमएसमध्येच येतो. आणि संपर्क यादी हाती लागली की यातले काही प्रोग्राम तीच ‘पत्रिका’ आपल्या नावाने आपल्या माणसांना धाडतात. पहिल्या माणसाला ती अनोळखी नंबरवरून आलेली असेल. दुसऱ्याला मात्र ती मामाकडून येते, आणि मामाची पत्रिका कुणी उलटीपालटी करून पाहत नाही.

ही युक्ती स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या एका विद्यार्थ्याने नाताळच्या शुभेच्छांचा एक प्रोग्राम लिहिला. चालवला की पडद्यावर अक्षरांचे नाताळचे झाड उमटायचे, आणि ते पाहणाऱ्याच्या नावांच्या फाइलमधल्या प्रत्येकाला तोच प्रोग्राम परस्पर जायचा. आयबीएमचे जगभरचे अंतर्गत जाळे त्या गर्दीने तुंबले. त्यात पैसे लुटायचा हेतू नव्हता, पण वाट सापडली होती. माणसांच्या संसर्गाला शिंक, हात, पाणी लागते. संगणकातल्या या संसर्गाला फक्त नावांची यादी पुरते.

२६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत ‘मेलिसा’ सुटला. वर्डच्या कागदात दडलेला हा छोटा प्रोग्राम. अशा प्रोग्रामला मॅक्रो म्हणतात. ‘तुम्ही मागितलेला कागद हा’ अशा अर्थाचा मजकूर घेऊन तो आउटलुक या ई-मेल प्रोग्रामच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० नावांना जायचा. पन्नास हा आकडा किरकोळ वाटतो. प्रत्येकाने तो उघडला असे धरून चाला. पन्नासांचे पन्नास, म्हणजे २,५००. आणखी एका फेरीत १,२५,०००. चौथ्या फेरीला साडेबासष्ट लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. प्रत्यक्षात सगळेच उघडत नाहीत, शिवाय नावेही एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून वेग कमी होतो. तरीही कंपन्यांना आपली ई-मेल यंत्रणा बंद करावी लागली.

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. त्याने पन्नासांवर समाधान मानले नाही. वहीत असतील तेवढ्या सगळ्यांना तो गेला. फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस असे दोन प्रकार लागोपाठ लिहिले होते. विंडोज ओळखीच्या प्रकाराची शेवटची अक्षरे मूळ मांडणीत लपवते. त्यामुळे पाहणाऱ्याला साधा मजकूर दिसायचा आणि उघडायचा तो चालता प्रोग्राम. लोकांचे फोटो त्याने पुसून टाकले. पेंटॅगॉन आणि ब्रिटनची संसद यांनाही ई-मेल बंद ठेवावे लागले. लिहिणारा तरुण सापडला, पण तेव्हा फिलिपिन्सच्या कायद्यात या गुन्ह्याला कलमच नव्हते, म्हणून तो सुटला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

त्या काळात एक उपाय हातोहात फिरला, आणि त्याच्या नाना आवृत्त्या अजून भेटतात. पत्त्यांच्या वहीत सर्वांत वर शून्यांचे किंवा ‘अ’कारांचे एक खोटे नाव घाला, विषाणू पहिल्याच नावाला अडखळेल आणि मेल परत आल्यावर तुम्हाला सुगावा लागेल. ऐकायला पटते. पण मेलिसासुद्धा एका चुकीच्या पत्त्याने थांबणारा नव्हता, उरलेली ४९ नावे होतीच. पुढचे विषाणू तर त्या वहीवर अवलंबून राहिलेच नाहीत. ‘क्लेझ’, ‘सोबिग’, ‘मायडूम’ हे २००१ ते २००४ मधले प्रोग्राम संगणकातल्या इतर फाइलींमधूनही पत्ते वेचायचे. मेल पाठवायची यंत्रणा ते सोबतच आणत. आउटलुक बंद असले तरी मेल जातच राही, आणि आपल्या ‘पाठवलेले’ या खणात त्याची नोंद नसे.

क्लेझने आणखी एक गोंधळ घातला. पाठवणाऱ्याच्या जागी तो यादीतले भलतेच नाव टाकायचा. हे जमते, कारण ई-मेलची मूळ पद्धत पोस्टकार्डासारखी आहे. कार्डावर पाठवणारा म्हणून कुणीही कुणाचेही नाव लिहावे, पोस्टमन तपासत नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपी ही पद्धत लिहिली तेव्हा जाळ्यावर मोजके, एकमेकांवर विश्वास ठेवणारे लोक होते. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तपासण्या जोडल्या गेल्या. मेल खरोखर त्या संस्थेच्या सर्व्हरवरून निघाली का, वाटेत बदलली का, हे त्या पाहतात. खोटी सही त्यांना पकडता येते. पण खऱ्या माणसाचे खरे खातेच चोराच्या हाती गेले, तर सगळ्या तपासण्या पार होतात. २०१४ पासून धुमाकूळ घालणारा ‘इमोटेट’ पुढे हेच करू लागला. तुमचा जुना पत्रव्यवहार चोरून त्याच धाग्यात उत्तर म्हणून तो फाइल पाठवायचा. आठ देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्याचे जाळे ताब्यात घेतले. त्याच वर्षअखेरीस तो परत उगवला.

आता आपल्या गावाकडे वळू, कारण मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. पण त्याआधी थोडे गणित पाहू. २००१ मध्ये रोमुआल्दो पास्तोर-सातोरास आणि आलेस्सान्द्रो वेस्पिन्यानी या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकातल्या विषाणूंचे गणित मांडले. बहुतेकांची ओळख थोडक्यांशी आणि काही मोजक्यांची ओळख शेकडो, हजारोंशी, अशा जाळ्यात अगदी मंद पसरणारा विषाणूही सहसा विझत नाही. ती मोजकी माणसे त्याला पुन्हा पुन्हा इंधन पुरवतात. सरसकट कुणालाही लस टोचत गेलात तर फारसा उपयोग होत नाही. ती गाठीची माणसे सांभाळावी लागतात. पण ती ओळखायची कशी? रूवेन कोहेन, श्लोमो हॅवलिन आणि डॅनियल बेन-अवराहम यांनी २००३ मध्ये त्यावर फार सुंदर तोड सुचवली. कुणाही माणसाला थांबवा, त्याच्या ओळखीचे एक नाव विचारा आणि लस त्या दुसऱ्या माणसाला द्या. ज्याची ओळख जास्त, त्याचेच नाव जास्त तोंडांतून निघते. अख्ख्या जाळ्याचा नकाशा लागत नाही.

हे आपल्या जिल्ह्यात करून पाहा. भूम, वाशी, परंडा, उमरगा, कुठल्याही गावच्या पारावर विचारा, फॉर्म कुणाकडे भरता? दहांतले आठ जण सेवा केंद्रवाल्या पोराचे नाव सांगतील. त्यानंतर ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, खव्याचा व्यापारी आणि तुळजापुरात कुळाचे पुजारी, ज्यांच्याकडे गावोगावच्या यजमानांचे नंबर असतात. या गाठी सुरक्षित झाल्या तर सगळा जिल्हा बराच सुरक्षित होईल. माझ्या मते सायबर जागृतीचा पहिला पैसा भिंतीवरच्या फलकांवर न घालता या माणसांवर खर्च व्हायला हवा.

गेल्या जुलैत, पीक विम्याची घाई चालू असताना, मी कळंब तालुक्यातल्या एका केंद्रात तासभर बसलो होतो. एक आजोबा आले. फॉर्मवर ई-मेल हवा होता. ते म्हणाले, “मोबाइल घेतला तवा दुकानदारानं काढून दिलाय बाबा, मला काय ठावं.” केंद्रचालकाने दोनशेपानी वही उघडली. रकाने आखलेले होते: नाव, गाव, मोबाइल, ई-मेल, पासवर्ड. आजोबांचा पासवर्ड म्हणजे त्यांचेच नाव आणि पुढे एक-दोन-तीन. वरच्या चार ओळींतही तेच वळण. त्या मुलाच्या मनात कसलेही पाप नव्हते. लोक विसरतात, रडकुंडीला येतात, म्हणून तो लिहून ठेवतो. संगणकावर मात्र दिवसभर शेकडो फोनमधल्या फाइली आणि पेनड्राइव्ह येऊन पडत होते, आणि काम अडते म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता.

आजोबांच्या फोनमधले सगळे नंबर त्याच जीमेल खात्यात साठत होते. मुलीचे, जावयाचे, डॉक्टरचे, दूध घालतात त्या डेअरीचे. खाते परत मिळवायचा नंबर तपासला तर तो दुकानदाराचा निघाला. खाते गेले असते तर ते सोडवायची चावी दुसऱ्या तालुक्यातल्या काउंटरवर होती.

आम्ही दोघांनी मिळून जे केले ते कुणालाही करता येते. परतीचा नंबर आजोबांचा स्वतःचा टाकला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. सेटिंगमध्ये जाऊन, आलेली मेल दुसरीकडे वळवण्याचा नियम कुणी घालून ठेवलाय का ते पाहिले. पासवर्ड बदलल्यावरही हा नियम चोराला मेल पुरवत राहतो आणि हीच जागा हमखास तपासायची राहते. संपर्कांची एक प्रत फाइल करून मेमरी कार्डात ठेवली. केंद्राच्या संगणकात फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी मांडणी केली आणि अँटिव्हायरस सुरू केला. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या कागदातले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली आहे, म्हणून ‘चालू करा’ असे सांगणारा पिवळा किंवा मॅक्रो अडवल्याचे सांगणारा लाल पट्टा दिसला तर हात आवरायचा, हेही त्याला दाखवले. एकच मेल साठ जणांना पाठवताना पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाकायचे, म्हणजे साठ जणांची यादी साठ संगणकांत जात नाही, हे त्याला नवीन होते.

एपीके चुकून बसलेच तर आधी फोनचे नेट बंद करावे, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवावे, आणि लगेच आपल्या माणसांना फोन करून सांगावे की माझ्या नावाने काही आले तर उघडू नका. लाजेने गप्प बसण्यात जे दोन तास जातात, त्यातच पत्रिका पुढच्या पन्नासांकडे पोचते.

शेवटी पासवर्ड राहिला. आजोबांना म्हटले, तुम्हीच ठरवा, आम्हाला सांगू नका. ते बराच वेळ विचार करत राहिले. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी तो टाइप केला. केंद्रचालकाने वही मिटली होती, आणि आजोबांचे टाइप करून होईपर्यंत तो दाराबाहेर रस्त्याकडे पाहत उभा राहिला.