निरोप न देता आलेल्यांचे स्मरण

घरातील एखादे माणूस निवर्तले की पुढे काय करावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेजारीपाजारी जमतात, अंत्यदर्शन होते, दहावे-तेरावे होते. दुःखाला वाट मिळते आणि त्या दिवसांना एक क्रम येतो. परंतु माणूस गेले आणि त्याचा देहच हाती आला नाही, तर हा क्रम सुरूच होत नाही. अशा वियोगात अडकलेल्या घरांविषयी, आणि त्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांभाळणाऱ्यांविषयी, आज काही सांगावयाचे आहे. त्यासाठी समुद्रात हरवलेल्या एका शिक्षिकेचे स्मरण प्रथम करू.

नतालिया मोल्चानोवा यांचा जन्म १९६२ साली रशियातील उफा या शहरी झाला. तरुणपणी त्या पोहण्याच्या स्पर्धांत उतरत. पुढे संसार व मुले यांत सुमारे वीस वर्षे हा छंद मागे पडला. चाळिशीत एका नियतकालिकातील लेख वाचून त्या फ्रीडायव्हिंगकडे वळल्या. पाठीवर हवेचे नळकांडे न घेता, केवळ एका श्वासावर खोल पाण्यात उतरण्याची ही विद्या आहे. ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्त झालेले असतात, त्या वयात त्यांनी आरंभ केला आणि पुढील बारा-तेरा वर्षांत ४१ जागतिक विक्रम नोंदवले. २००९ साली, केवळ स्वतःच्या बळावर पोहत जाण्याच्या प्रकारात, एका श्वासावर १०१ मीटर खोल जाऊन परतणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २०१३ साली पाण्यात निश्चल राहून त्यांनी ९ मिनिटे २ सेकंद श्वास रोखून धरला.

विक्रमांहूनही त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या आठवतात त्या शिक्षिका म्हणून. मॉस्कोतील शारीरिक शिक्षणाच्या विद्यापीठात त्या अध्यापन करीत. या विषयाची पाठ्यपुस्तके त्यांनी लिहिली, कविताही लिहिल्या. पाण्यात उतरताना दृष्टी एका बिंदूवर न खिळवता लक्ष सर्व बाजूंना सारखे पसरू द्यावे, म्हणजे विचारांची धावपळ मंदावते आणि शरीरही शांत होते, ही गोष्ट त्या शिष्यांना शिकवीत. (वाचकांनी श्वास रोखण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो. शिवाय, पाण्यात एकट्याने श्वास रोखू नये, हा या विद्येतील मूलभूत नियम आहे.)

२ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ त्या खासगी शिकवणी देण्यासाठी गेल्या होत्या. त्या वेळी स्वतःसाठी म्हणून त्यांनी एक बुडी मारली. खोली साधारण तीस ते चाळीस मीटर, म्हणजे त्यांच्या दृष्टीने किरकोळ. त्या वर आल्या नाहीत. पाण्याखालच्या जोरदार प्रवाहाने त्यांना ओढून नेले असावे, असा अंदाज बांधला गेला. नौका फिरल्या, यंत्राने तळ धुंडाळला गेला, पण देह मिळाला नाही. त्या वेळी त्या ५३ वर्षांच्या होत्या.

त्यांचे चिरंजीव अलेक्सेई हे स्वतः या क्रीडाप्रकारातील अव्वल खेळाडू आणि आईचेच शिष्य. अवघ्या काही दिवसांत या कुटुंबाला मान्य करावे लागले, की आई आता समुद्रातच राहणार. ज्या पाण्याने आईला नेले, त्याच पाण्यात मुलगा पुन्हा उतरला. आईने घडवलेली शिक्षणपद्धती त्याने जोपासली, वाढवली, आणि आज ती अनेक देशांत शिकवली जाते.

आता आपल्या घराकडे वळू. कोकणच्या किनाऱ्यावर वादळात होडी परतली नाही, नदीच्या पुरात कोणी वाहून गेले, डोंगरवाटेवर कोणी हरवले, किंवा यात्रेच्या गर्दीत वृद्ध वडील दिसेनासे झाले. या सर्व घरांचे दुःख एकाच जातीचे असते. अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत त्यास ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस गेले असे म्हणावे तर पुरावा नाही, आहे असे म्हणावे तर ते समोर नाही. दार वाजले की मन दचकते. फोन न उचलल्यास अपराधी वाटते. दुसऱ्यांदा ताट वाढताना हात थांबतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. अनिश्चिततेला दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद आहे.

बॉस यांनी या वियोगाचा आणखी एक प्रकार सांगितला आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. पहिल्या प्रकारात देह नसतो, पण माणूस मनातून हलत नाही. दुसऱ्या प्रकारात देह समोर असतो, पण ओळखीचे माणूस हरवत चाललेले असते. स्मृतिभ्रंश झालेली पत्नी रोज सकाळी आपल्याच पतीला ‘आपण कोण?’ असे विचारते, तेव्हा तो पती जे अनुभवतो, तेही दुःखच असते. मात्र त्यासाठी कोणी भेटायला येत नाही, कोणी सुतक पाळत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना म्हणूनच वाटते, की आपल्याला रडण्याचा अधिकारच नाही. तो अधिकार आपणांस आहे.

अशा दुःखात काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, ‘आता विसरा’, ‘सत्य स्वीकारा’ असा आग्रह कोणी कोणावर धरू नये. ‘ते बहुधा गेले आहेत, आणि तरीही मला त्यांची वाट पाहावीशी वाटते’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. बॉस यांच्या मांडणीचा गाभा हाच आहे. एकाच घरात मुलगा आशा सोडतो आणि आई सोडत नाही, तेव्हा दोघांनाही आपापल्या गतीने चालू द्यावे. कोण बरोबर आहे हे ठरवण्याची घाई नाती बिघडवते.

दुसरी गोष्ट विधीची. ज्यांचा देह सापडत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे पालाशविधीची परंपरा आहे. पळस व दर्भ यांची प्रतिकृती करून तिच्यावर अग्निसंस्कार करतात. इतर धर्मांतही स्मरणप्रार्थनेची सोय आहे. विधी कधी करावा, करावा की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवावे. ज्यांना विधी नको, त्यांनी वर्षातून एक दिवस निश्चित करावा. त्या दिवशी त्या व्यक्तीच्या आवडीचा पदार्थ करावा, तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे. दुःखाला एक दिवस नेमून दिला की उरलेल्या दिवसांचा भार थोडा हलका होतो.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. बेपत्ता झाल्याची पोलिसांतील नोंद, बँक खाती, निवृत्तिवेतन आणि विमा ही कामे टाळल्याने अडचणी वाढतात. जिवंत असती तर ज्यांना तिची खबर स्वाभाविकपणे लागली असती, अशांना सात वर्षे काहीच कळले नसेल, तर ती व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १८७२च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कागदावर सही करणे म्हणजे माणसाला मनातून काढून टाकणे नव्हे, हे वृद्ध मातापित्यांना हळुवारपणे समजावून सांगावे, आणि वकिलाकडे जाताना कोणी तरी सोबत जावे.

शरीराकडेही लक्ष हवे. दुःखात वृद्ध माणसे औषधे चुकवतात, पाणी कमी पितात, रात्र जागून काढतात. दोन-तीन आठवडे जेवण व झोप सावरत नसेल, वजन उतरत असेल, किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार ऐकू येत असतील, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःसाठीही हा क्रमांक टिपून ठेवावा.

चौथी आणि शेवटची गोष्ट मोल्चानोवा यांच्या शिष्यांकडून घेण्यासारखी आहे. समाधी नाही, अस्थी नाहीत, तरी त्यांच्या गुरू नाहीशा झाल्या नाहीत, कारण त्यांनी शिकवलेले कोणी ना कोणी रोज पुढच्याला शिकवत आहे. आपल्या हरवलेल्या माणसानेही आपणांस काही शिकवले असेलच: जाळे विणणे, मोडी वाचणे, आमटीला फोडणी देणे, रागावलेल्या मुलाला शांत करणे. या पंधरवड्यात अशा तीन गोष्टी कागदावर लिहा. लिहिणे जमत नसेल तर नातवंडाकडून लिहवून घ्या. मग त्यांतील एक गोष्ट कोणाला तरी प्रत्यक्ष शिकवा, आणि शिकवताना ती आपण कोणाकडून शिकलो, त्याचे नाव घ्यायला विसरू नका.