नवी मुंबईतील क्रीडास्थळे आणि सभास्थाने

नवी मुंबई हे महाराष्ट्राच्या ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरलेले नियोजित शहर आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ते नोडनिहाय विकसित केले. येथील प्रमुख सार्वजनिक स्थळांमध्ये नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह व सिडको प्रदर्शन केंद्र, तसेच खारघरचे सेंट्रल पार्क व कॉर्पोरेट पार्क मैदान यांचा समावेश होतो.

डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल

शीव–पनवेल महामार्गालगतचे हे खासगी मालकीचे क्रीडासंकुल २००८ मध्ये खुले झाले. त्याची रचना वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांची आहे. प्रेक्षागृहावरील छत एका बाजूनेच तोललेले असल्याने मध्ये खांब येत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकांना सावली मिळते आणि मैदानही विनाअडथळा दिसते.

इंडियन प्रीमियर लीगच्या २००८ व २०१० च्या हंगामांचे अंतिम सामने येथे झाले. ११ नोव्हेंबर २००९ रोजीचा भारत–ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा एक उपांत्य सामना येथे खेळवला गेला.

महिला क्रीडेशी या मैदानाचे नाते विशेष आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय महिलांनी येथे इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीत कौरच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मात करून पहिला महिला एकदिवसीय विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माने ८७ धावा केल्या, तर दीप्ती शर्माने अर्धशतकासह पाच बळी घेतले.

२०१९ मध्ये यू-टू आणि २०२५ मध्ये कोल्डप्ले या वाद्यवृंदांचे कार्यक्रमही येथे झाले.

खुली मैदाने आणि उष्माघाताची दुर्घटना

खारघर हे पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. येथील कॉर्पोरेट पार्क मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान करण्यात आला. सोहळ्यास लाखो श्रीसदस्य उपस्थित होते. व्यासपीठावर छत होते. श्रोत्यांसाठी मात्र मंडप नव्हता. भर उन्हात कित्येक तास बसावे लागल्याने अनेकांना उष्माघात झाला आणि १४ जणांचा मृत्यू झाला.

खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते आणि तापमापकावरील आकडा फार मोठा नसतानाही उष्णता घातक ठरते. या दुर्घटनेनंतर उन्हाची तीव्रता कमी होईपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. त्यामुळे सभास्थानाची निवड करताना केवळ जागेचा विस्तार पाहून भागत नाही. सावली, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि कार्यक्रमाची वेळ यांचाही विचार आवश्यक ठरतो.