दाणापाणी, लेखांक ६ : पेरणीतून उरलेलं बी
मागच्या आठवड्यात पाळीव पाखरांचा पिंजरा किती मोठा हवा ते पाहिलं. आज वाटीत काय टाकायचं ते पाहू. कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात हा विषय पेरणीपासूनच सुरू करावा लागतो.

पेरणी उरकली की पिशवीच्या तळाशी मूठभर बी उरतं. सोयाबीन, मका, संकरित ज्वारी. दाण्यावर गुलाबी-लाल थर असतो. तळहातावर चोळला की रंग हाताला लागतो. तो थर बुरशीनाशकाचा, काही वेळा कीटकनाशकाचाही. "वाया कशाला घालवायचं, धुऊन टाकू पाखरांना" असं ऐकलं की माझ्या काळजात धस्स होतं. धुऊन ते विष पुरतं निघत नाही. लव्हबर्ड म्हणून आपण घरी आणतो ते बहुधा बजरीगर असतात. एकाचं वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. त्याच्या पोटात थोडे दाणेही फार झाले. आणि औषध न लावलेलं सोयाबीनही कच्चं देऊ नका. प्रथिनं पचू न देणारा घटक त्यात असतो, तो उष्णतेनेच निकामी होतो.

ज्वारी, बाजरी, राळा घरचे, स्वच्छ असले की उत्तम. पण नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पाखराला अ जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून रोज थोडी शेवग्याची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याची फोड द्या. फवारणी झालेल्या शेतातला पाला मात्र नको. शेंगदाण्याला कुबट वास आला तर सगळेच फेका. बुरशीचं विष थेट यकृतावर जातं.

मिरचीची भीती बाळगू नका. तिखटाची आग आपल्याला जाणवते, पक्ष्यांना नाही. खरा धोका आपल्या मायेत आहे. दूध-पोळी कुस्करून देतो, पण पक्ष्याला दूध पचत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट, चिवडा, कांदा-लसणाची भाजी, चॉकलेट यातलं काहीच त्याच्यासाठी नाही. सफरचंद द्या, बिया काढून. अ‍ॅव्होकाडो तर त्याच्या हृदयावर घाला घालतो.

आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला तुरीचे सोले शेतातच खाऊ द्यावेत.

पाखरू आजार लपवतं. पिसं फुलवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलं, म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. बियाण्याचा संशय असेल तर पिशवीवरचं लेबलही सोबत घ्या. दाण्याला कोणतं औषध लावलंय त्याचं नाव तिथे छापलेलं असतं.