भिंगारच्या घमेल्यात समुद्राचा खडक

नगरला (आता अहिल्यानगर) लागून असलेल्या भिंगारमध्ये विहीर खणा नाहीतर घराचा पाया, कुदळ शेवटी काळ्या दगडावरच वाजते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बसाल्ट. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. अशा गावात कुणाला खाऱ्या पाण्याची टाकी मांडावीशी वाटली, तर काच आणि पंप मिळतो, पाण्यात विरघळवायचं तयार समुद्री मीठ मिळतं, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिशही मिळतात. अडतं ते दगडापाशी.

गोड्या पाण्याच्या टाकीत दगड शोभेचा असतो. खाऱ्या पाण्यात तो टाकीचं पोट असतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना मारतो. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. इंडोनेशियातल्या ली चिन इंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लेख लिहून ही पद्धत जगापुढे मांडली: समुद्रातला जीवजंतूंसकट आणलेला खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि प्रकाश, एवढ्यावर टाकी जगते. अशा खडकाला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. आठ लिटर पाण्याला साधारण एक किलो खडक हा जुना ठोकताळा. म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला पंचवीस किलो.

हा पंचवीस किलो खडक येतो कुठून? बहुतेक वेळा तो मेलेल्या पोवळ्यांचा सांगाडा असतो, आणि भारतात तो समुद्रातून काढणं गुन्हा आहे. ११ जुलै २००१ रोजी केंद्र सरकारने दगडी पोवळ्यांच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. कायद्याच्या लेखी मालवणच्या समुद्रातलं पोवळं आणि ताडोबाचा वाघ एकाच पंक्तीला बसतात.

हे संरक्षण उशिरा आलं असं म्हणायला जागा आहे. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात कित्येक वर्षं पोवळी खणून किनाऱ्यावर आणली गेली आणि चुन्यासाठी भाजली गेली. तिथल्या एकवीस बेटांपैकी दोन बेटं पाण्याखाली गेली, आणि अभ्यासक त्याच्या कारणांत प्रवाळखाणकामाचं नाव घेतात. आता त्याच आखातात, झिजत चाललेल्या वान बेटाभोवती, काँक्रीटचे ओतीव ठोकळे समुद्रतळावर बसवले आहेत. लाटांचा जोर मोडावा आणि मासे व पोवळी पुन्हा वसावीत म्हणून. आधी पोवळ्यांचा चुना झाला, आता सिमेंटवर पोवळी लावायची धडपड चालू आहे.

महाराष्ट्रातही हा प्रश्न दारात आलेला आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळी सापडली, तेव्हा २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या.

म्हणून खडक घरी करायचा. ही कल्पना समुद्रकाठी रुजली नाही, ही भिंगारकरांसाठी आनंदाची गोष्ट. १९९० च्या दशकात ती लोकांपर्यंत नेली ती अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरातल्या लिरॉय आणि सॅली हेडली या दांपत्याने. बॉइसीही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, भिंगारहूनही उंचावर, कोरड्या मुलखात. सिमेंट आणि ॲरागोनाइटची वाळू यांपासून केलेल्या या दगडाला त्यांनी ‘ॲरागोक्रीट’ म्हटलं. ॲरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचंच एक स्फटिकरूप, पोवळ्याचा सांगाडा त्याचाच असतो.

भिंगारमध्ये ॲरागोनाइटची वाळू शोधत बसायची गरज नाही. नगर जिल्ह्यात अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या जातात, आणि कवच पक्कं व्हावं म्हणून त्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात. तोही कॅल्शियम कार्बोनेटच. खाद्याच्या दुकानातून तो आणायचा, दोन-तीनदा पाण्यात धुवून धूळ काढायची. किराण्याच्या दुकानातून जाडं मीठ. सिमेंट मात्र निवडून घ्यायचं. दुकानात नुसतं ‘सिमेंट’ मागितलं तर बहुधा पीपीसी हातात पडतं, आणि त्यात औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेली असते. बांधकामाला ते उत्तम आहे. पण राख कुठल्या कोळशाची आणि तिच्यात कोणते धातू आहेत, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं, आणि टाकीतल्या कोळंबीला तांब्याचा अंशही सोसत नाही. तेव्हा ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं सिमेंट, किंवा पांढरं सिमेंट घ्यावं. पांढरं सिमेंट म्हणून भिंतीची पुट्टी घरी येणार नाही, एवढं पाहावं.

एक वाटी सिमेंट, दोन ते तीन वाट्या शिंपल्यांचा चुरा, दोन वाट्या जाडं मीठ. घमेल्यात आधी कोरडं कालवायचं, मग पाणी शिंपडत जायचं. गवंडी ज्याला कोरडा माल म्हणतात तसा तो राहिला पाहिजे: मुठीत दाबला की मुटका धरावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. पाणी जास्त झालं की सिमेंटचं दूध भोकांमध्ये उतरतं आणि दगड घट्ट, आंधळा होतो. मीठ घालायचं ते नंतर विरघळून जाण्यासाठीच. त्याच्या जागी राहिलेली पोकळी हेच जिवाणूंचं घर. हातात रबरी मोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी भाजतं.

साचा म्हणजे ओल्या वाळूने भरलेला थर्माकोलचा खोका. वाळूत हाताने वेडावाकडा खड्डा करायचा, त्यात माल अलगद टाकायचा, थापीने चोपायचा नाही. मध्ये ओल्या वाळूचे गोळे ठेवले तर दगड निघाल्यावर तिथे गुहा तयार होतात. लोखंडी सळई किंवा तार आत घालायचा मोह टाळावा. खाऱ्या पाण्यात ती गंजते आणि दगड आतून फुटतो. आधार हवाच असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा घालावा. मिठाने दगड तसाही साध्या काँक्रीटपेक्षा कच्चा राहतो, म्हणून पातळ फांद्या करण्यापेक्षा जाड, ठेंगणे तुकडे करावेत. वर ओलं पोतं टाकून दोन दिवस हलवायचं नाही.

इथपर्यंतचं काम एका रविवारचं. खरा वेळ जातो चुना निघण्यात.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. तो पाण्यात उतरला की पाण्याचा सामू बारापर्यंत चढतो. समुद्राचा सामू आठच्या जरा वर. ताजा दगड टाकीत ठेवला तर मासे जगणार नाहीत. त्यामुळे दगड गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहायचं, सहा ते आठ आठवडे. ते पाणी कुंडीत ओतू नये. बादलीच्या पाण्यावर पहिले काही दिवस पांढरी साय धरते. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, ती ही साय.

आणि ही रसायनविद्या नगरला नवी नाही. लष्करी छावणीच्या परिसरातला फराहबाग महाल निजामशाहीच्या काळात भर तलावात उभा राहिला, १५८३ मध्ये पूर्ण झाला. तलाव आता कोरडा आहे, पण भिंतींवरचा चुन्याचा गिलावा अजून जागोजागी टिकून आहे. त्याच काळात खापरी नळांनी शहरात आणि महालांत पाणी खेळवलं गेलं. तो चुना चुनखडी भट्टीत भाजून, विरवून, घाणीत मळून केलेला असे. भट्टीत दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि भिंतीवर चुना तो हवेतून सावकाश परत घेतो, पुन्हा दगड होतो. पाण्याजवळच्या कामात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालण्याचीही रीत होती. सुरखी मोकळा चुना बांधून ठेवते. आजच्या पीपीसीमधली राखही तेच करते. जुन्या गवंड्याकडे घाई नव्हती, चुना महिनोन्‌महिने मुरू द्यायचा हे त्याला ठाऊक होतं. घरी दगड करणाऱ्यानेही तीच चाल धरावी.

घाईवर उपाय म्हणून काहीजण व्हिनेगरमध्ये दगड बुडवतात. सामू लवकर उतरतो, पण आम्लात शिंपल्यांचा चुराही विरघळतो आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. सहा आठवडे वाचवण्यासाठी एवढं गमावू नये. दगड तयार झाला की नाही याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ बादलीत ताजं पाणी आणि दगड दोन दिवस ठेवायचा, शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी बादली. दोन्हींचा सामू जवळपास सारखा आला, की दगड टाकीत न्यावा.

तरीही तो अजून मुका दगडच. आरओचं पाणी आणि समुद्री मीठ कालवून सापेक्ष घनता १.०२५ करायची, पंप चालू करायचा, आणि चांगल्या चाललेल्या एखाद्या खाऱ्या टाकीतली मूठभर वाळू किंवा गाळणीचा स्पंज मागून आणायचा. जिवाणू त्यातून येतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला आणखी महिना-दीड महिना लागतो, तोवर मासा सोडायचा नाही. आतल्या पोकळ्यांत नायट्रेट खाणारे जिवाणू वसायला याहून जास्त काळ जातो.

नगरचा उन्हाळा मात्र कसोटी पाहतो. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीचं पाणी सत्तावीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये. पण इथली हवा कोरडी, म्हणून पाण्यावर साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने पाणी दमट मुंबईपेक्षा चांगलं थंड होतं. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची.

दगडी पोवळी या टाकीत येणार नाहीत, कायदा तसा आहे आणि तो योग्य आहे. मासे, कोळंबी, शंखातले खेकडे यांना घरचा दगड पुरतो. कुणी ‘असली समुद्राचा खडक’ विकायला आणला तर घेऊ नका. आणि पुढच्या सुट्टीत मालवणला गेलात, तर किनाऱ्यावर वाहून आलेला पोवळ्याचा पांढरा तुकडा उचलून पिशवीत टाकू नका, तिथेच राहू द्या.