कचऱ्याचा पत्ता, आजाराचा पत्ता

रात्री दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी सकाळी नाहीशी झालेली असते. ती कोणी उचलली, कुठे नेली, हे आपण विचारत नाही. घर स्वच्छ झाले, एवढे आपल्याला पुरते. पण कचरा नाहीसा होत नसतो, तो फक्त आपल्या दारातून दुसऱ्या कोणाच्या दारात जातो. ते दार कोणाचे, हा प्रश्न जसा न्यायाचा आहे तसा आरोग्याचाही आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मुंबईच्या कचऱ्याविषयी लिहीत आहे.

प्लेग शहरात, कचरा देवनारला

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. शहरातली घाण रोगाचे कारण मानली गेली आणि ती शहराबाहेर नेण्याची धावपळ सुरू झाली. देवनारच्या खाजणाची जमीन त्यासाठी घेतली गेली. कुर्ल्याहून त्या बाजूला कचऱ्याच्या आगगाड्या धावू लागल्या. आज ज्या कुर्ला-चेंबूर मार्गावरून लोकल जाते, त्या मार्गावरून माणसांच्या आधी कचऱ्याने प्रवास केला आहे. म्हणजे देवनारचे डंपिंग ग्राउंड जन्माला आले ते आरोग्यासाठीच. फरक एवढाच, की ते शहराच्या एका भागाच्या आरोग्यासाठी होते.

तेव्हा तिथे वस्ती विरळ होती. पुढे माणसे आली, पण सगळीच आपखुशीने आली नाहीत. १९७०च्या दशकात मुंबईतल्या झोपड्या हटवल्या गेल्या आणि तिथल्या कुटुंबांना शिवाजीनगर-बैंगनवाडीत जागा दिल्या गेल्या. १९७६ साली जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना जवळच्याच चिता कॅम्पमध्ये नेले. दोन हजार सालानंतर रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांना मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या इमारती मिळाल्या. "कचऱ्याशेजारी राहायला यांना कोणी सांगितले?" असे विचारणाऱ्यांना उत्तर सरळ आहे : अनेकांना सरकारनेच तिथे नेऊन ठेवले. दलित, मुस्लिम, गावाकडून आलेली भूमिहीन कुटुंबे अशी ही वस्ती आहे. महापालिकेच्या एम पूर्व विभागात ती येते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाला होता.

धूर कुठून येतो?

अनेकांना वाटते की डंपिंगला कोणीतरी आग लावते, म्हणून धूर होतो. तसेही घडते. पण आगीचे मूळ कचऱ्यातच असते. भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाखाली गाडल्या, की त्यांना हवा मिळत नाही. हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पेट घेणारा आहे. वर प्लास्टिक, चिंध्या, थर्माकोल. ढीग आतल्या आत धुमसत राहतो. पाणी मारून वरची आग विझते, आतली विझत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तिचा धूर अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसला. महापालिकेला परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च महिन्यात पुन्हा आग लागली. बाकीच्या मुंबईला त्या दिवसांत गोवंडीची आठवण झाली, कारण धूर चेंबूर-घाटकोपरच्या खिडक्यांपर्यंत पोहोचला होता. गोवंडीत मात्र कमीअधिक धूर ही काही बातमी नव्हती.

या धुरात अतिशय बारीक कण असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसात उतरतात, काही रक्तातही मिसळतात. दम्याचा झटका, लहान मुलांना वारंवार होणारा खोकला, छातीत घरघर, हृदयविकाराचा वाढलेला धोका, हे त्याचे परिणाम. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळाले तर डायॉक्सिन तयार होते. हे विष चरबीत साठते आणि कर्करोगाला कारण ठरू शकते. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी झिरपते. त्यात कुजलेल्या कचऱ्याबरोबर जड धातूही असतात आणि ते शेजारच्या खाडीकडे वाहते.

टीबीचेही याच पत्त्यावर ठाण आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टीबी कचऱ्याने होत नाही, तो जंतूने होतो. पण धुराने कमजोर झालेली फुप्फुसे, अपुरे जेवण आणि कोंदट खोली मिळाली की जंतूचे फावते. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ साली केलेल्या पाहणीत अशा वसाहतींतल्या उजेड-वाऱ्याच्या अभावाचा टीबीशी संबंध दाखवून दिला. औषध फुकट मिळते, ऊन मात्र मिळत नाही. मग आजार घरात पुन्हा पुन्हा येतो.

एकाचे संकट दुसऱ्याच्या दारी

शहरातल्या रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्पही गोवंडीतच आला. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. गोवंडीच्या लोकांचा हा मोठा विजय आहे. पण खालापूरच्या गावकऱ्यांनी काय करायचे? जागा बदलल्याने अन्याय मिटत नाही. प्रकल्प कुठेही असो, त्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडते याची मोजणी तिथल्या लोकांना दिसेल अशी उघड लावली पाहिजे.

आज मुंबईचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो. देवनारला साचलेला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवायचा आहे. २०२४ साली राज्य सरकारने याच जमिनीपैकी १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचे ठरवले. शंभर वर्षांहून अधिक काळ कचरा मुरलेल्या मातीवर कोण राहणार? पुन्हा गरीबच. तिथे एक वीट रचण्यापूर्वी माती, पाणी आणि जमिनीतून निघणारा वायू यांची तपासणी होऊन तिचा अहवाल मराठीत, हिंदीत, सर्वांना वाचता येईल असा मिळाला पाहिजे. ही मागणी विकासाच्या विरोधात आहे असे कोणी म्हणू नये.

हा कचरा कोणाच्या हातून जातो?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाला सांगायची गरज नाही. मुंबईचे रस्ते झाडणाऱ्या, गाड्यांवर कचरा भरणाऱ्या कामगारांत बौद्ध आणि इतर दलित कुटुंबांतली माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या कित्येकांच्या हाती झाडूच आला. बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. शहरात ती उतरंड अजून कचऱ्याच्या गाडीवर उभी आहे. वर्षानुवर्षे ही माणसे कंत्राटावर राबली, हातमोजे आणि बुटांसाठी भांडली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने न्यायालयात दीर्घ लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगार कायम झाले. हा निकाल आरोग्याचाच आहे असे मी मानतो. कायम नोकरी म्हणजे आजारपणाची रजा, औषधोपचार आणि म्हातारपणी आधार.

यातल्या अनेक घरांतली पुढची पिढी शिकली. आज ती बँकेत आहे, शाळेत आहे, संगणकावर आहे, कल्याण-डोंबिवली-नवी मुंबईच्या सोसायट्यांत राहते. ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारू. आपल्या फ्लॅटच्या दाराबाहेरची पिशवी आपण कशी बांधतो? आजोबांच्या हाताला ज्या काचा लागल्या, त्याच काचा आज आपण दुसऱ्या कोणाच्या हातासाठी तर बांधून ठेवत नाही ना?

घरात आजपासून करता येईल असे

ओला कचरा वेगळा ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते प्रत्येक घराला बंधनकारक केले होते. ओल्या कचऱ्याचे खत झाले तर मिथेन कमी आणि धूरही कमी. गोवंडीतल्या लेकराचा श्वास आणि आपल्या स्वयंपाकघरातली बादली यांचा संबंध असा थेट आहे.

इन्सुलिनची सुई, ब्लेड, फुटलेली काच पिशवीत सुटी टाकू नका. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि वेगळी द्या. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने ही साधी खूण रूढ केली. ठिपका दिसला की ते पुडके उघडावे लागत नाही.

घराजवळ, गल्लीत कचरा जाळू नका. थंडीत शेकोटीतही प्लास्टिक टाकू नका.

कचऱ्यात काम करणाऱ्यांसाठी

सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याचे औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. हेपॅटायटिस-बीची लस मात्र टोचण्याची वाट न पाहता आधीच घ्यावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख लिहून ठेवावी.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी व उपचार मोफत आहेत. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट उपचाराने औषधांना दाद न देणारा टीबी होतो.

धुराच्या दिवशी रुमालाचा उपयोग नाही, बारीक कण त्यातून आरपार जातात. एन-९५ मास्क वापरा. दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा. गरोदर बाया, मुले आणि वृद्ध यांनी धूर ओसरेपर्यंत घरात थांबावे.

मागणी करायला शिकू

कोणी म्हणेल, सुई बाटलीत टाकून डोंगर कसा हटणार? एकट्याने नाहीच हटणार. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. ते कर्तव्य करून घ्यायला संघटित माणसे लागतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे दारोदार कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून सन्मानाने मिळवले. ज्यांना लोक उकिरड्यावरच्या बाया म्हणत, त्यांच्या गळ्यात आज ओळखपत्र आहे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. आपल्या वॉर्डाचा कचरा कुठे जातो, ते विचारावे. कामगारांना हातमोजे, बूट आणि वर्षाला एक आरोग्य तपासणी मिळते का, याचे निवेदन वॉर्ड कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. आणि सकाळी गाडी येईल तेव्हा आपला ओला-सुका कचरा आपल्या हाताने द्यावा, घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून, त्याचे नाव विचारून.