वाशीला माल घेऊन जाताय? मोबाईलवर हवेचा आकडाही बघत जा

वाशी : आपल्या तालुक्यातला कांदा, भाजीपाला रात्री गाडीत चढतो आणि पहाटे वाशीच्या एपीएमसीत उतरतो. भाव काय मिळाला हे आपण लगेच फोन करून विचारतो. पण तिथं रांगेत थांबलेला ड्रायव्हर आणि माल उतरवणारा माथाडी कामगार कसल्या हवेत श्वास घेतात, हे सहसा कोणी विचारत नाही.

हवेची ठरलेली मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांसाठी केंद्रानं २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्या यादीत नवी मुंबईचंही नाव आहे.

आकडा कुठं बघायचा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे ॲप फुकट मिळतं. त्यात नवी मुंबई निवडली की कोपरीपाडा-वाशी, सानपाडा अशा केंद्रांचा आकडा, म्हणजे एक्यूआय दिसतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यापुढं गंभीर. दमा असलेल्या माणसाला १०० च्या पुढंच त्रास होऊ शकतो.

आकडा बरा, तरी डोळे का चुरचुरतात?

कारण बारीक कणांचा आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर ठरतो. शिवाय मशीन एका ठिकाणी बसवलेलं असतं, तुमच्या पुढच्या ट्रकच्या सायलेन्सरपाशी नव्हे. रांगेतली हवा ॲपपेक्षा वाईट असू शकते.

धुरातले पीएम २.५ नावाचे कण केसापेक्षा २० ते ३० पट बारीक असतात आणि फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, त्याला एन-९५ मास्क लागतो.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं, रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. डिझेलही वाचतं.

दुसरं, पीयूसी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा, त्याहून जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, बारीक कण मोजत नाहीत. त्यामुळं गाडी काळा धूर ओकत असेल तर कागदाची मुदत बघत बसू नका, एअर फिल्टर आणि नोझल तपासून घ्या. ट्रॅक्टरचं असतं तसंच आहे हे. काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल, म्हणजे आपलाच पैसा.

तिसरं, एकाच गावातून अर्ध्या भरलेल्या दोन गाड्या पाठवण्यापेक्षा माल एकत्र करून एकच गाडी पाठवा. भाडं वाटून जातं आणि वाशीच्या रांगेत एक सायलेन्सर कमी होतो.