मोबाईलची बॅटरी : थोडी समज, मोठी बचत

आमच्या चाळीतील एक ताई रुग्णालयात आया आहेत. बहुतेक वेळा रात्रपाळी. घरी म्हातारे सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुले. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री सासऱ्यांना एकाएकी दम लागला. घाबरलेल्या मुलीने आईला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षा बोलावून म्हातारबांना दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. ताईंना हे सारे कळले ते सकाळी घरी आल्यावर. संध्याकाळी पूर्ण भरून नेलेला फोन रात्री अकरालाच मान टाकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात गेल्या. दुकानदाराने फोन नीट न पाहताच सांगितले, "हा आता गेला. नवा घ्या, हप्ते बांधून देतो." ताई हप्त्याला तयारही झाल्या होत्या. पण घरी मुलाने फोन सपाट फरशीवर ठेवून बोटाने फिरवला, तर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला! पाठ फुगली होती. फोन ठणठणीत होता, बिघडली होती ती आतली बॅटरी. तेवढीच बदलून घेतली आणि नव्या फोनच्या किमतीच्या थोड्याशा भागात काम झाले.

वाचकहो, मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नाक्यावरच्या मजुराला कामाचा निरोप त्यावरच येतो, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची रोजी त्यावर चालते, बँकेचा ओटीपी त्यावर येतो, मुलांचा अभ्यासही त्यावर होतो. तो बंद पडला तर एखाद्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बॅटरीबद्दल चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हव्यात.

बॅटरीच्या आत काय चालते?

आजच्या मोबाईलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते.

या बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचे संयुग आणि मध्ये एक द्रव. चार्जिंग करताना लिथियमचे विद्युतभारित कण ग्रॅफाइटच्या बाजूला जातात. फोन वापरताना ते परत येतात. पाळीवर जाणारी माणसे सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात, तसेच हे. मात्र प्रत्येक फेरीत थोडे कण वाटेत अडकतात आणि परत येत नाहीत. म्हणून बॅटरी हळूहळू कमी साठवू लागते. हे पूर्णपणे थांबवता येत नाही. पण त्याचा वेग कमी ठेवणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

शून्यापासून शंभरापर्यंत एकदा भरणे म्हणजे एक फेरी. अर्धी बॅटरी दोनदा भरली तरी एकच फेरी धरतात. साधारण ५०० ते ८०० फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला आहे की, तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची असली पाहिजे.

आता साधा हिशेब करू. ५०० फेऱ्यांची बॅटरी रोज पूर्ण संपवली, तर ती दीड वर्षाच्या आतच थकते. तीच रोज ६० टक्के वापरली, तर सव्वादोन वर्षे जाते. म्हणजे रोजचा वापर वाचवला की बॅटरीचे आयुष्यही वाढते.

खरा शत्रू उष्णता

बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता. उष्णतेने आतली रासायनिक झीज वेगाने होते. हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की बॅटरीला ताण पडू लागतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून तापते. अशा वेळी पुढील काळजी घ्यावी :

१) दुपारी पत्र्याखाली फोन चार्जिंगला लावू नये. पहाटे किंवा रात्री, हवेशीर जागी लावावा.

२) चार्जिंग चालू असताना फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवू नये. उष्णता बाहेर पडत नाही आणि आगीचाही धोका असतो.

३) चार्जिंगला लावून मुलांना गेम खेळू देऊ नये. एकीकडून भरणे, दुसरीकडून वापरणे, यात फोन दुप्पट तापतो.

४) मोटारसायकलच्या हँडलवर, उन्हात नकाशा चालू ठेवून चार्जिंग करणाऱ्या डिलिव्हरी बंधूंनी शक्य तेव्हा फोन सावलीत घ्यावा. रस्ता पाठ असेल तर नकाशा बंद ठेवावा.

५) फोन तापला तर कव्हर काढून सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. आत दव धरून फोन खराब होतो.

जुने समज सोडा

"बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये", "नवा फोन पहिल्या दिवशी आठ तास चार्ज करावा", असे आजही अनेक जण सांगतात. हे सल्ले आले कोठून? भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळी निकेलच्या बॅटऱ्या सर्रास वापरात होत्या. निकेल-कॅडमियमची बॅटरी वारंवार अर्धवट भरली तर तिची क्षमता घटे, म्हणून तो सल्ला तेव्हा योग्य होता. लिथियमला तो लागू नाही. उलट, रोज शून्यावर नेणे आणि तासन् तास शंभरावर ठेवणे, दोन्ही तिला सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. अनेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्येच दिलेली असते. ती चालू करावी. लांबच्या प्रवासाला निघताना मात्र खुशाल शंभर टक्के भरावी. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

फोन महिनोन् महिने कपाटात ठेवायचा असेल तर निम्मी बॅटरी भरून, बंद करून ठेवावा. रिकामा ठेवला तर बॅटरी कायमची मरू शकते.

काही घरांत वीजबिलाच्या भीतीने मोबाईल कमी चार्ज करतात. ही भीती अनाठायी आहे. ५००० एमएएच बॅटरी एकदा भरायला सुमारे १९ वॉट-तास वीज लागते. थोडी वीज वाया जाते हे धरले, तरी रोज एकदा भरून महिन्याला एक युनिटही होत नाही. पैसा वाचतो तो फोन जास्त वर्षे टिकण्यात.

एका चार्जिंगमध्ये दिवस कसा काढावा?

सर्वांत जास्त वीज खातो तो पडदा. त्याचा उजेड गरजेपुरता ठेवावा आणि अर्ध्या मिनिटात तो आपोआप बंद होईल असे करावे. पडदा ओलेड जातीचा असेल तर काळ्या पार्श्वभूमीने वीज वाचते, कारण त्यात काळा भाग पेटतच नाही. साध्या एलसीडी पडद्यावर हा फायदा जवळजवळ मिळत नाही.

दुसरा खादाड म्हणजे कमकुवत नेटवर्क. टॉवर दूर असला, भिंती जाड असल्या, की फोनला जोर लावून बोलावे लागते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. जिथे नेटवर्क मुळीच नाही तिथे फोन विमान मोडवर ठेवावा. पण तोपर्यंत कोणाचाही फोन येणार नाही, हे विसरू नये.

हॉटस्पॉट आणि लोकेशन गरज नसताना बंद करावे. बॅटरी सेव्हर वीस टक्के उरल्यावर नव्हे, तर कामावर निघतानाच चालू करावा. उघडलेली ॲप्स दर पाच मिनिटांनी झटकून टाकण्याची सवय मात्र सोडावी. तीच ॲप्स पुन्हा सुरुवातीपासून उघडताना जास्त वीज लागते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. लाखोंच्या गर्दीत नेटवर्कवर ताण येतो, फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. नेमकी तेव्हाच चुकामूक होते. म्हणून पॉवर बँक जवळ ठेवावी, भेटण्याची जागा आधीच ठरवावी आणि लहान मुलांच्या व वृद्धांच्या खिशात घरच्यांचे दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कागदाला बॅटरी लागत नाही!

फुगलेली बॅटरी म्हणजे धोका

बॅटरी बिघडली की आत वायू साचून ती फुगते. फोनची पाठ उचलली गेली, पडदा सुटू लागला, तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये, स्वतः उपसून काढू नये. जाणकार कारागिराकडून बदलून घ्यावी. दुर्दैवाने फोनने पेट घेतलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, भरपूर पाणी ओतावे आणि धुरापासून सर्वांनी दूर व्हावे.

मोठ्या कंपन्यांच्याही चुका होतात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगमध्ये तापू शकतात, असे जाहीर करून त्या मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली होती. मग फूटपाथवरच्या बेनामी बॅटरीचा काय भरवसा? बॅटरी आणि चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो खरा की खोटा, हे 'बीआयएस केअर' या ॲपवर तपासता येते. पक्के बिल घ्यावे.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की पेट घेऊ शकते. तो कचरा उचलणारे हात आपल्याच माणसांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

एक रविवार यासाठी द्या

ताईंच्या मुलाने पुढे एक चांगले काम केले. रविवारी विहारात मंडळी जमली असताना त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी आयाबायांचे फोन पाहून दिले. कोणाचा उजेड कमी केला, कोणाचा बॅटरी सेव्हर लावला. दोघांच्या बॅटऱ्या फुगलेल्या निघाल्या. त्यांतला एक फोन रोज नातवाच्या उशाशी चार्ज होत असे! हे काम कोणत्याही वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींना करता येईल. त्याला पैसा लागत नाही, दोन तास लागतात.

कोणी सांगितले म्हणून मानू नये आणि दुकानदार म्हणाला म्हणून हप्ता बांधू नये. आधी पाहावे, विचारावे, तपासावे. ताई आजही रात्रपाळीला जातात. सकाळी घरी परततात तेव्हा त्यांच्या त्याच जुन्या फोनमध्ये निम्मी बॅटरी शिल्लक असते, आणि रात्री केव्हाही फोन केला तर आई उचलेल, हे मुलीला ठाऊक असते.